संदेश मिळताच

एकवीस दिवस, चौदा विद्यार्थी आणि टॉवरवरून विमानांना गेलेले तीन हजार सहाशे बारा संदेश. त्यांपैकी नऊ संदेशांना उत्तर आले नाही. नऊही वेळा विमानात दुर्गेश होता, आणि नऊही वेळा एकटा.

आचलने हे आकडे सगळे रेकॉर्डिंग दोनदा ऐकून काढले होते. गोंदियाजवळच्या या वैमानिक प्रशिक्षण केंद्रात ती सुरक्षा विभागात सहायक होती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती इथे आली, त्याला सात महिने झाले होते.

उड्डाणात विद्यार्थ्यांचे लक्ष भरकटते, टॉवरचे बोलणे निसटते, अशी तक्रार दिवाळीनंतर आली तेव्हा उपाय तिनेच सुचवला. मांडीला पट्ट्याने बांधायची एक पाटी आणि तिच्यावर तक्ता. प्रत्येक संदेशाला एक ओळ. त्यात वेळ, संदेश, दिलेले उत्तर, विमानाची उंची आणि सही. वर ठळक अक्षरांत सूचना होती : संदेश मिळताच भरावा. लिहायचे आहे म्हटले की माणूस कान देऊन ऐकतो, असा तिचा तर्क होता.

तक्ता सुरू झाल्यानंतरच्या या एकवीस दिवसांत तेरा जणांच्या बाबतीत तो खरा ठरला. त्यांचे चुकणे थांबले. त्यांचे तक्तेही बघण्यासारखे असत. अक्षर सरळ, खाडाखोड नाही. दुर्गेशच्या तक्त्यात ओळी तिरक्या धावत, आकडे एकमेकांवर चढत, कुठे कुठे पेनाने कागद फाटलेला असे.

"याच्यावरून कोंबडी चालून गेली का बे?" बरोबरच्या हिमांशूने एकदा सगळ्यांसमोर विचारले. दुर्गेशही हसला आणि नवे कोरे तक्ते घेऊन गेला.

आठ चुका केंद्राने सोसल्या. नवव्या वेळी गवत कापणारा ट्रॅक्टर धावपट्टीवरून हटायचा होता. टॉवरने दुर्गेशला उतरू नको म्हणून सांगितले. उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने विमान पुन्हा वर घेतले. तोवर ते जमिनीपासून दोनशे फुटांवर आले होते.

मुख्य प्रशिक्षक कॅप्टन चंद्रकुमार यांनी चौकशी लावली. दुर्गेश अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. त्याचे वडील मनिराम ठेक्याने धानाची शेती करत. मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती एकदाच मिळणारी होती. इथून काढले की उडणे कायमचे संपले. चौकशीच्या खोलीत बसलेल्या कॅप्टन, आचल आणि दुर्गेश या तिघांनाही हे माहीत होते.

कॅप्टनचे मत आधीच झाले होते. पोरगा वर गेला की गाव शोधत बसतो, असे ते आचलला म्हणाले होते. आचलने दुर्गेशला विचारले, सोबत मोबाइल होता का. नव्हता. घरी काही अडचण? नाही. त्या वेळी नजर खाली गेली होती का? यावर तो हो म्हणाला.

"मग लक्ष कुठं होतं?" कॅप्टनने विचारले.

"कामातच होतो जी."

"टॉवरला उत्तर देणं, हेच काम असते."

दुर्गेशने मान हलवली.

अहवाल आचलने लिहिला. त्यात तिने एक निरीक्षण नोंदवले, जे आणखी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. चुकलेला प्रत्येक संदेश हा आधीच्या संदेशानंतर दहा सेकंदांच्या आत आलेला होता. आधीच्या संदेशाला दुर्गेशने दर वेळी अचूक उत्तर दिले होते. म्हणजे त्याचे लक्ष येते, पण दहा सेकंदही टिकत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. प्रशिक्षण थांबवावे, अशी शिफारस करून खाली सही केली.

मंगळवारी मनिराम मुलाला न्यायला आले. दुर्गेश ट्रंक ऑटोत चढवत होता. मनिराम आचलजवळ येऊन उभे राहिले.

"पोरगा खोटा तं नाही बोलला नं, बाई?"

"नाही."

"मंग काऊन काढलं?"

लक्ष राहत नव्हते, असे आचलने सांगितले. त्यांनी हात जोडले आणि ऑटोत जाऊन बसले. दोघांना दुपारची गाडी पकडायची होती.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयाचे पत्र आले. तक्ता उपयोगी ठरला होता. तो इतर केंद्रांतही लागू होणार होता. त्यासाठी सूचनापत्रक हवे होते आणि एक ओळ भरायला किती वेळ लागतो, तेही त्यात द्यायचे होते. आचलने हिमांशूला बोलावले. त्याचे तक्ते सर्वांत नीटनेटके होते. विमानात बसून एक ओळ भरून दाखव, असे तिने सांगितले.

हिमांशूला आधी ती गंमत करते आहे असे वाटले.

"वरती कोण लिहिते, मॅडम? एक हात तर सुकाणूवरच अडकून राहते. उतरल्यावर कँटीनमध्ये चहा पिता पिता भरतो आम्ही, सगळेच. रजिस्टर असंच तर भरतात नं."

"आणि वेळ?"

"अंदाजानं टाकतो. दुर्गेशलाही किती समजावलं. ऐकतच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आचलने एक विमान जागेवरच उभे ठेवून इंजिन चालू करायला लावले. पाटी मांडीला बांधली, डाव्या हाताने सुकाणू धरले आणि घड्याळ हिमांशूकडे दिले. दुर्गेशने ज्यांना उत्तर दिले होते ते, प्रत्येक चुकीच्या आधीचे नऊ संदेश तिने एकेक करून कानात लावले आणि प्रत्येकाची ओळ लगेच भरली. नऊपैकी सर्वांत लवकर भरून झालेली ओळ : तेरा सेकंद.