हिरवी घरं

फिलिपाइन्समधल्या कुणा अनोळखी बाईने दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘भेगेची उंची मिळाली नाही, तर तुमचं अ‍ॅप तिथे शून्य धरतं. हे मुद्दाम केलंय का?’

प्रजिन बज्राचार्यने चहाचा कप खाली ठेवला. अ‍ॅप त्यानेच लिहिलं होतं. डोंगरातल्या लोकांनी जमिनीला पडलेल्या भेगा आणि आपली घरं फोनवर टिपायची, आणि अ‍ॅपने सांगायचं, कुठलं घर भेगेच्या खाली येतं, कुठलं वर. खालचं लाल, म्हणजे दरडीच्या वाटेत; वरचं हिरवं. सगळा कोड जगाला खुला ठेवला होता. कुणीही वाचावा, चूक दाखवावी. दोन वर्षांत कुणी वाचला नव्हता.

त्याने ठुलोपाखा या डोंगरातल्या गावाचा नकाशा उघडला. गावामागच्या जंगलात एक लांब भेग. उंची शून्य. म्हणजे अ‍ॅपच्या लेखी ती भेग पार समुद्राकाठी होती आणि सगळं गाव तिच्या वर. वरची आळी हिरवीगार दिसत होती. खालच्या दुसऱ्या एका भेगेमुळे लाल झालेली नदीकाठची घरं रिकामी करून माणसं गेल्याच पंधरवड्यात त्या आळीत राहायला गेली होती.

“आधी दुरुस्त कर, तपासून बघ, मग पालिकेला कळव,” सुम्निमा म्हणाली. हे काम दोघं मिळून चालवत. “घाईने बोललास आणि डोंगर जागचा हलला नाही, तर आपलं अ‍ॅप पुन्हा कोणी उघडणार नाही.”

“तिथे तीन दिवस पाऊस लागलाय,” प्रजिन म्हणाला आणि त्याने फुलमाया तामांगला फोन लावला. ठुलोपाखाच्या सगळ्या नोंदी तिने केल्या होत्या. बऱ्याच खटपटीने लागला.

“दिदी, जंगलातली भेग टिपलीत तेव्हा फोनवर उंची आली होती?”

“कुठली येतेय? वर झाडी, खाली जळवा. पाय फोडून खाल्ले माझे. का रे भाई, बक्षीस देतोस की काय?”

प्रजिनने एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“मग माझं घर कुठल्या रंगाचं?”

“लाल.”

“म्हणजे लालमधून उठवून मी त्यांना लालमध्येच आणलं.”

“तुम्ही नाही, दिदी. मी.”

“तू तिथे खुर्चीत बसून काय आणणार? दारं मी ठोठावली.” मग तिने विचारलं, “डोंगर येणार आहे का खाली?”

“माहीत नाही. आज येईल, दहा वर्षांनी येईल. कदाचित येणारही नाही. पण आज तिथे थांबू नका. वरच्या मठात, गोम्पात जा. उंचीच्या रेषा लावून मी हाताने मोजलंय, गोम्पा भेगेच्या बरंच वर आहे.”

“आणि लोकांना सांगू काय? अ‍ॅप चुकलं होतं, आता पुन्हा त्याच अ‍ॅपवाल्याचं ऐका? थांब, पावसामुळे सगळी माझ्याकडेच जमलीत, फोन मोठ्या आवाजावर टाकते. तूच बोल.”

प्रजिन बोलला. पलीकडच्या खोलीत कुजबुज झाली, कुणीतरी शिवी हासडली, एक मूल रडायला लागलं. मग एक खरखरीत आवाज फोनजवळ आला. नदीकाठचा म्हातारा होता तो. गाव त्याला मेमे, म्हणजे आजोबा, म्हणायचं.

“तू तेव्हा खरं बोललास की आत्ता बोलतोयस?”

“तेव्हाही खोटं बोलायचं नव्हतं मला, मेमे.”

“माझ्या बापाचं घर सोडायला लावलंस. मला हिरवं दिलंस. आता मी हिरव्यातच बसतो.”

फोन तुटला.

प्रजिनने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मग कोडमधली ती ओळ बदलली. रिकामी जागा रिकामीच राहील, एवढाच बदल. पाच मिनिटंही लागली नाहीत. तोवर सुम्निमाने आपण होऊन अ‍ॅपच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘आमच्या चुकीमुळे काही घरं हिरवी दिसत आहेत. विश्वास ठेवू नका.’ खाली दोघांची नावं घातली होती.

प्रजिनने भेगेची हाताने मोजलेली उंची भरली आणि ठुलोपाखाच्या वरच्या आळीतली घरं पडद्यावर एकेक करत लाल झाली.

संध्याकाळी नकाशावर फुलमायाच्या फोनचा ठिपका गोम्पापाशी उमटला. प्रजिनने श्वास सोडला न सोडला, तोच ठिपका पुन्हा उताराला लागला. खाली, लाल घरांकडे. एका घरापाशी जाऊन तो थांबला आणि थांबूनच राहिला.

“रेंज गेली असेल,” सुम्निमा म्हणाली. प्रजिनने नखं दातांत धरली होती.

ठिपका हलला. चार पावलं चढला, थांबला. पुन्हा चढला, पुन्हा थांबला. फुलमाया चढणीला थांबणारी बाई नव्हती. सुम्निमाने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली. उजेड जाईपर्यंत दोघं त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

फोन वाजला. फुलमायाला धाप लागली होती.

“आणलं म्हाताऱ्याला. अर्धी वाट पाठीवर. वाटभर तुझा उद्धार चाललाय.” मागे त्याचा खरखरीत आवाज काहीतरी म्हणत होता. “मेमे विचारतायत, हे गोम्पा कुठल्या रंगाचं?”

प्रजिनने पडद्याकडे पाहिलं. गोम्पा हिरवं होतं. त्याने तोंड उघडलं, पण तो शब्द काही त्याच्या ओठांवर येईना.

“भाई?” फुलमाया म्हणाली. “ऐकतोयस ना?”