टिटवाळ्याचे बैल

कासरे सैल सोडले होते आणि गाडीवानाला हाताची घडी घालून बसायला सांगितले होते. त्याच्या शेजारी हरिहरराव ओव्हरसियर मांडीवर नकाशा घेऊन बसले होते. समोर मैलभर पांढरे, भेगाळलेले खाजण. झाड नाही, झुडूप नाही, चाकोरी नाही. मागून दोन पाड्यांची माणसे चालत होती. कोणीही बैलांना हाक मारायची नाही, असा हुकूम होता.

बैल जातील ती जुनी वाट. तिच्यावर सरकार मुरुमाची सडक घालणार होते.

खाडीवरचे मीठ डोंबिवलीकडे आणणारी गाडीवाट आगगाडीच्याही आधीची, एवढे कागदावर होते. पण ती कोणत्या पाड्यावरून जात असे, तो कोपरा वाळवीने खाल्ला होता. खाजणात दर पावसाळ्यात भरतीचे पाणी शिरे आणि चाकोऱ्या पुसून टाकी. दिवाळीनंतर जमीन वाळली की जो तो आपल्या सोयीने गाडी हाके. जुनी वाट सापडली तर नव्या जमिनी घ्याव्या लागणार नव्हत्या, म्हणून ओव्हरसियर साहेबांना ती हवी होती.

साहेबांनी दोन दिवस माणसांना विचारले. वरच्या पाड्याच्या दगडूने सांगितले, पहिली गाडी त्याच्या आज्याच्या आज्याने हाकली, आणि ती वरच्या पाड्यावरूनच. दुसऱ्या चहाला तो आणखी एक पिढी मागे गेला. खालच्या पाड्याच्या दौलतने आपल्या दारावरून पेशव्यांच्या तोफा नेल्या. तोफा कोणावर चालल्या होत्या असे विचारल्यावर तो म्हणाला, ते तेव्हा गुपित ठेवले होते. साहेबांनी अकरा जणांच्या जबान्या लिहिल्या आणि अकराही फाडल्या.

खालच्या पाड्याच्या गंगुबाईला तोफांशी घेणेदेणे नव्हते. गेल्या श्रावणात गाडी चिखलात रुतली आणि तिची सून सगुणा बांधावरच बाळंत झाली. स्टेशन मैलभरावर होते. पोर जगले नाही. सगुणाला आता पुन्हा चौथा महिना होता. सडक वरच्या पाड्यावरून गेली, तर येत्या आषाढात पुन्हा तोच बांध आणि तोच चिखल.

शेवटी साहेब म्हणाले, माणसे खोटे बोलतात, बैल बोलतच नाहीत. वर्षानुवर्षे चाकांखाली दबलेली जमीन डोळ्याला दिसली नाही तरी खुराला कळते. मात्र बैल इथले नकोत. त्यांनी टिटवाळ्याहून जोडी मागवली, जन्मात खाजण न पाहिलेली. ती स्टेशनाजवळच्या वखारीत बांधली. कोणी बैलांच्या कानात काही सांगू नये म्हणून दगडू दावणीपाशी बसून राहिला. सकाळी त्याने पेंढा घातला. गंगुबाईने सगळ्यांदेखत टोपलीभर कोंडा घातला. दगडूने कोंड्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिले. लिंबू, बिब्बा, काळा दोरा, काहीच निघाले नाही.

अर्धे खाजण बैल वरच्या पाड्याच्या रोखाने गेले. दगडूने मिशीवर हात फिरवला. मग डावीकडून वारा आला. बैलांनी नाकपुड्या फुगवल्या आणि माना वळवल्या. आधी ते झपाझप चालले, मग पळत सुटले. गाडीवानाने हाताची घडी सोडून गाडीची दांडी धरली. साहेबांचा नकाशा उडाला. गाडी खालच्या पाड्यात शिरली, दौलतने बांधलेल्या मांडवाला घासून पुढे गेली, आणि विहिरीजवळच्या दगडी डोणीत दोन्ही तोंडे बुडाली.

दौलत नारळ फोडायला धावला. साहेब टोपी सावरत उतरले. बैल पीत होते. डोणी रिकामी झाली. कोणीतरी ती भरली, तीही रिकामी झाली. साहेबांनी एका बैलाच्या नाकाडाला चिकटलेला कोंडा बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकले.

"बाई, कोंड्यात मीठ किती होतं?"

"शेरभर," गंगुबाई म्हणाली. "मिठाचीच मानसं आमी, सायब. हात सैल पडतो."

तोवर दगडू धापा टाकत पोचला होता. ही लबाडी आहे, बैल पुन्हा सोडा, नाहीतर मी ठाण्याला अर्ज करतो, असे त्याने सगळ्यांना ऐकवले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. साहेबांनी बैलांच्या वाटेसाठी काढलेला बारावा कागदही फाडायला घेतला. गंगुबाई पाया पडली नाही, रडलीही नाही. तिने पदर खोचला.

"फाडा, सायब. पन पयल्या गाडीचं बैल काय पोथी वाचून वळलं व्हतं? एवढं मीठ वढून त्यांना बी तान लागलीच असंल."

साहेबांचा हात थांबला. ते दगडूकडे वळले.

"तुझ्या आज्याच्या आज्याचे बैल पाणी कुठे पीत होते?"

दगडू आभाळाकडे पाहू लागला. आज्याच्या आज्याबद्दल त्याला पहिल्यांदाच काही आठवेना.

विहिरीच्या पलीकडे रहाटाची कुरकुर थांबली. वरच्या पाड्याच्या बायका रोजच्यासारख्या पाणी भरायला आल्या होत्या. त्यांत दगडूची बायको रखमाबाई होती. तिने चुंबळ डोक्यावर बसवली, कळशी तिच्यावर ठेवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

"हितंच. आमच्या इहिरीचं पानी खारं. माझी सासू हितं पान्याला यायची, तवा मिठाच्या गाड्या हितंच सोडलेल्या असायच्या. आमाला इचारलं असतं, त बैल बी लागलं नसतं, सायब."