हातासाठी

“आलात ताई? आता काळजी नाही,” श्रीधर सुपरवायझर म्हणाला आणि बाकावरची आपली बॅग उचलून त्याने भिमाबाईंना जागा करून दिली.

भिमाबाई बसल्या नाहीत. समोरच्या बाकावर मंजुषा होती. तिच्या निऱ्यांवर रक्त वाळून काळं पडलेलं. आत ऑपरेशनच्या खोलीत तिच्या नवऱ्याचा, गोकुळचा, उजवा हात मनगटापासून काढत होते.

श्रीधरने त्यांना खिडकीपाशी नेलं आणि हळू आवाजात समजावलं. गोकुळला कंपनीत लागलंच नाही. किलवणी गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीवर, पाण्याच्या मोटरीच्या पट्ट्यात हात गेला. डॉक्टर विचारायला आले की मंजुषाने एवढंच म्हणायचं. दवाखान्याचं कंपनी बघेल, तिलाही पॅकिंगला लावून घेऊ. त्या एका वाक्याने भरपाईची वाट कायमची बंद होणार, हे तो बोलला नाही. भिमाबाईंना ते सांगायची गरजही नव्हती.

“तुमचं ऐकतात ही खानदेशची माणसं,” तो कौतुकाने म्हणाला. “मागच्या अपघाताच्या वेळी तुम्ही होतात म्हणून कुठे ब्र निघाला नाही. शेठ तर म्हणतात, आधी भिमाताईंना फोन लावा, मग ॲम्ब्युलन्सला.”

भिमाबाईंनी भिंतीला हात टेकला. शिरपूरकडून सिल्वाशात आल्या तेव्हा केस काळे होते. तेव्हापासून दवाखाना म्हणू नका, पोलीस चौकी म्हणू नका, जिथे आपलं माणूस रडतंय तिथे जाऊन बसायचं, पाणी पाजायचं, पाठीवरून हात फिरवायचा. देवाने एवढीच सेवा आपल्या पदरात घातली, असं त्या मानत आल्या. माणसं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प होत. गप्प होत आणि उठून घरी जात.

त्या मंजुषाशेजारी टेकल्या. गुडघे कुरकुरले. मंजुषाने मान वर केली नाही.

“मावशी, तुमाले त्यांनीच बोलावलं ना?”

“हो माय.”

“मग सांगा. काय बोलू ते.”

भिमाबाईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

“रड,” त्या म्हणाल्या.

मंजुषा दचकली. धनी आत जिवंत होता. जित्या माणसासाठी गळा काढणं म्हणजे अपशकुन, ते का मावशींना ठाऊक नव्हतं?

“त्याच्यासाठी नको. हातासाठी रड. हात तर गेला ना? आपल्याकडे बाया गेलेल्याचं सांगत सांगत रडतात, तशी रड. कसा होता, कसा गेला, कोणामुळे गेला.”

आधी नुसता बारीक सूर निघाला. मग त्यात शब्द आले. लग्नात मंडपाला आंब्याचे डहाळे बांधणारा हात आला. ती बाळंतीण असताना तिला भाकरी थापून घालणारा हात आला. मग आवाज चढला.

“मशीननी जाळी काढी लिन्ही वं माय... माल लवकर पाहिजे म्हने वं माय... मशीन हात खाई गयी वं माय...”

केसपेपरच्या रांगेतल्या बाया वळून उभ्या राहिल्या. एकीने पदर डोळ्याला लावला. श्रीधर घाईघाईने आला. हिला गप्प करा ताई, लोक बघताहेत, असं दोनदा म्हणाला.

“माझ्याच्यानं आता नाही होत, भाऊ,” भिमाबाई म्हणाल्या.

जखमींची नोंद घेणारे डॉक्टर खोलीतून बाहेर आले. सुरतकडचे होते, रडण्याच्या सुरातली ही भाषा त्यांना नीट कळेना. “ये क्या बोल रही है?” त्यांनी विचारलं. श्रीधर पुढे झाला, घर, मोटर, पट्टा असं काहीबाही सांगू लागला. भिमाबाई बाकाला धरून उठल्या आणि त्याच्या नि डॉक्टरांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

कीर्तनात बुवा अभंगाचा एकेक चरण सोडवून सांगतात, तशी त्या मंजुषाची एकेक ओळ सांगत गेल्या: मशीनवरची हात वाचवणारी जाळी काढून घेतली, माल लवकर पाहिजे म्हणाले, मशीनने हात खाल्ला. हिंदीत, सावकाश, एकही शब्द न गाळता. आणि प्रत्येक ओळ संपली की मंजुषा त्यांच्यासाठी थांबत होती.