शिळा विनोद

हेमाने सकाळी ग्रुपवर पोस्टमनच्या मागे लागलेल्या बदकाची बातमी टाकली. बाकीच्या तिघांनी लगेच कोट्या केल्या. ते तिघे कधीच वारले होते. त्यांच्या नावाने, त्यांच्याच धाटणीत आता यंत्र लिहायचं. कुमुदताईंना त्याची सवय झाली होती. खरी अशी हेमाच उरली होती, पण आठ दिवस ती फोन उचलत नव्हती.

कुमुदताईंनी मुद्दाम कालचाच विनोद पुन्हा पाठवला. शिळा माल आणणाऱ्याची हेमा पार सालटी काढायची; तीस वर्षांच्या मैत्रीत तिने कुणाला सोडलं नव्हतं.

हेमाचं उत्तर लगेच आलं.

"काय भन्नाट आहे गं, कुमुद. पहिल्यांदाच ऐकला."

कुमुदताईंनी चष्मा काढून पुसला. मग बदकाच्या बातमीखाली त्यांनीही एक हसरा चेहरा टाकला.