खिडकीजवळचा पलंग

विहीणबाई कायमच्या राहायला आल्या, त्याच दिवशी द्वारकाबाईंनी सुनेला बजावलं, "तुझी आई राहू दे, पण खिडकीजवळचा पलंग माझा!"

लेकीच्या घरचं पाणीही न पिणारी माणसं त्यांनी पाहिली होती. आता सुनेची आई त्यांच्याच खोलीत, भिंतीकडच्या पलंगावर! सून वेणी आधी कुणाची घालते, दुधाची साय कुणाच्या वाटीत पडते, सगळ्यावर द्वारकाबाईंची नजर. त्यात विहीणबाई रोज दुपारी खलबत्त्यात पान कुटत बसायच्या. कुटून झालं, की पहिली चिमूट द्वारकाबाईंच्या तळहातावर ठेवायच्या. "ऐन झोपेच्या वेळी मेली ही ठकठक," असं पुटपुटत द्वारकाबाई पान तेवढं तोंडात टाकायच्या.

दिवाळीनंतर विहीणबाई धाकट्या लेकीकडे नाशिकला गेल्या. साय आता सगळी एकाच वाटीत पडू लागली. चार दिवस झाले, आणि दुपारी झोप येईना म्हणून द्वारकाबाईंनीच फोन लावला.

पलीकडे खलबत्ता वाजत होता आणि कुणीतरी बाई खळखळून हसत होती.

"धाकटीच्या सासूबाई हो," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं पान इतकं आवडलंय त्यांना! म्हणतात, आता इथंच राहा."

द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "राहा की मग! मला काय त्याचं?" म्हणत त्यांनी फोन आपटला.

मग उठल्या. आपली उशी उचलून भिंतीकडच्या पलंगावर टाकली आणि सुनेला हाक मारली.

"रविवारी जाऊन तुझ्या आईला घेऊन ये. म्हणावं, खिडकीजवळचा पलंग रिकामा झालाय."