बारडोलीच्या पुढचा पूल

बारडोली मागे पडली तेव्हा काटा पंचावन्नवर होता. पुलाचा सांधा दिसला तसा निंबाअप्पांनी समोरचा दांडा धरला. गाडी चालवणाऱ्या लेकीचा, वर्षाचा पाय ब्रेकवर गेलेलाच होता.

चाकं सांध्यावरून गेली आणि स्टिअरिंग तिच्या हातांतून सुटू पाहू लागलं. आधी थरथर, मग डावं-उजवं, डावं-उजवं, इतक्या जोरात की मागच्या सीटवरची पत्र्याची ट्रंक आदळू लागली. वर्षा स्टिअरिंगशी झगडली नाही. तिनं ते नुसतं धरून ठेवलं आणि वेग उतरू दिला. वीसवर आल्यावर जीप शांत झाली. तिनं ती कडेला घेतली.

“व्हयनं?” अप्पांनी विचारलं.

“झालं.”

गावी जायला निघण्याची महिन्यातली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना ते याच पुलावरून परतले होते.

वर्षाची आई गेली तिच्या दहाव्याला साक्री तालुक्यातली सगळी भाऊबंदकी सुरतेत, गोडादऱ्यात वर्षाच्या घरी जमली होती. जेवणं झाल्यावर अप्पांचा पुतण्या योगेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला होता, “काका, आता लेकीच्या घरी राहून जावयाचं अन्न खाणार का? लोक आम्हाला विचारतील.” वर्षाच्या नवऱ्याला, श्रीरंगला, यात बोलायची जागाच नव्हती. अप्पा मान खाली घालून म्हणाले, येतो गावी. कायमचा येतो. फक्त माझ्या जीपमधून येईन.

जीप त्यांनी लिलावात घेतली होती. चाळीस वर्षं ते सुरतच्या उधन्यात यंत्रमागाचे जॉबर होते. मागात बिघाड झाला की अप्पांना हाक जायची. त्या चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी घेतलेली हीच एक वस्तू. रविवारी बायको-मुलीला घालून डांगच्या कच्च्या रस्त्यांवर न्यायचे. वर्षाला गाडी त्यांनीच शिकवली. आधी खोलायला, मग चालवायला.

वर्षानं योगेंद्रला फोन लावला.

“परत?” तो म्हणाला. “ताई, इथं खोली सारवून ठेवलीय. काका टाळतायत का?”

“मी चालवत होते, योगेंद्र. हात अजून बधिर आहेत.”

“मग हिलालला नीट बघायला सांग. मीच बोलतो त्याच्याशी. तो खोटं नाही सांगायचा.”

हिलालचं गॅरेज उधना-सचिन रस्त्यावर होतं. तो त्यांच्याच गावच्या मुळाचा, पण जन्मला-वाढला सुरतेत. जीप आत येताना पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

“आव्या पाछा? ताई, एवढ्या फेऱ्यांत लोक शिर्डी करून येतात.”

पहिल्या खेपेला त्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं होतं. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंगचा हादरे शोषणारा डँपर बदलला होता. आता त्यानं पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला, उजवं चाक वर-खाली धरून हलवलं. घट्ट. डावं धरलं. चाक बोटभर हललं आणि आतून टक असा आवाज आला.

“किंगपिन,” तो म्हणाला. “चाक ज्या खुंटीवर वळतं ती. पण ही तर मीच दिवाळीला मापात बसवली होती.”

त्यानं चार बोल्ट काढून वरची टोपी उचलली. टोपीखालच्या पातळ चकत्या एकेक करून फडक्यावर मांडल्या. मग दोन वेगळ्या ठेवल्या आणि त्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला.

“या माझ्या नाहीत. कात्रीनं कापल्यात, तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून. चकती जास्त झाली की टोपी दाबत नाही. खुंटी ढिली होते, मग खड्डा लागला की गाडी नाचते.” त्यानं वर पाहिलं. “अप्पा, पत्रा कापून पॅकिंग घालायची सवय कोणाची? मोटर मेकॅनिकची की जॉबरची?”

अप्पा स्टुलावर बसले होते. वर्षा ट्रंकेची कडी लावत होती. ती तशीच थांबली.

“मंग मीच,” अप्पा म्हणाले.

हिलालचा आवाज उतरला. “जायचं नाही तर सांगून टाका ना. रस्त्यात जीव गेला असता. तुमचा नाही, ताईचा.”

“चाळीस माणूसमा बोलनू. आते सबद कसा फिरावू?”

हिलालनं दोन्ही चकत्या भंगाराच्या डब्यात टाकल्या, टोपी आवळली, चाक हलवून पाहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. योगेंद्रच होता. हिलालनं एकदा अप्पांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

“हो, सापडलं. किंगपिन ढिली होती. नाही, आता नव्वदनं पळेल. रविवारी दुपारी जेवायलाच धरा त्यांना.”

परतताना जीप सरळ चालत होती, खड्ड्यातही चाक हू की चू करत नव्हतं. लिंबायतजवळ साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंची रांग लागली होती. मागून रिक्षा चिकटल्या. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. वर्षानं इंजिन बंद केलं.

“तुम्ही हिलालला ‘मीच’ असं का सांगितलंत?” तिनं विचारलं. तिला त्यांच्याकडे बघवेना.

“चकत्या एकच बाजूले घाल्या ते लगेच ध्यानमा येस, माय,” अप्पा म्हणाले. “शनवारले तू दोन्हीकडे सारख्या घालजो.”