जयाचं भेव

"माझी एक काढून घ्या जी," असं म्हणत मीराबाई डॉक्टरांच्या टेबलाला खेटून उभी राहिली. जणू तिथल्या तिथंच काढून घेणार होते.

स्टुलावर बसलेल्या निकेशनं मान खाली घातली. त्याच्यामागं त्याची बायको जया भिंतीला टेकून उभी होती. आईला चंद्रपूरला आणायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. पण पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या हे कानावर पडल्यापासून ती ऐकेनाशी झाली होती. माणसाला दोन असतात आणि एकीवरही भागतं, हे तिला सावली गावच्या बाजारात कोणीतरी सांगितलं होतं.

तिला कोणी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की निकेश आणि जया दोघांच्याही रक्तात एचआयव्ही होता. आधी त्याच्या आणि मग त्याच्याकडून तिच्या. निकेशच्या किडन्या त्याच आजारानं खाल्ल्या होत्या. मागच्या खेपेला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. अशा पेशंटला दुसऱ्याची किडनी बसवायला नागपुरातही कोणी तयार होत नाही. मशीनवर रक्त धुवायचं म्हटलं, तरी अशांसाठी मशीन वेगळं लागतं. ते इथं नाही. तिकडे नंबर लागला तर लागला.

डॉक्टरांनी निकेशकडे पाहिलं. निकेशनं डोळ्यांनीच हात जोडले.

"तुमची नाही चालणार, आजी."

"काऊन?"

"वय झालं तुमचं."

"वय झालं तं का झालं जी? आम्ही ढिवर लोक. अजून छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढता येते मले. तपासून तं पाहा."

"जुळणार नाही ती."

"माझ्याच पोटात होता नं हा? तवा जुळला, मंग आता काऊन नाई जुळत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिघं बाहेर येऊन कडुनिंबाच्या पारावर बसली. मीराबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग तिची नजर जयावर गेली आणि तिथंच थांबली. हे आधी कसं सुचलं नाही, असं झालं तिला.

"तू दे नं वं! तू तं जवान हायेस. चाल, सांगू डॉक्टरले."

जया पारावरून उठून उभी राहिली.

"अवं, काही होत नाई. घरचं समदं काम मी करीन. तू जलमभर बसून खा."

निकेशला वाटलं, बस झालं, आता सांगून टाकावं. "माय, ऐक. तिले बी..."

"मले भेव लागते, बाई," जया मधेच बोलली. "पोट फाडाचं मले भेव लागते. मी नाई देत."

मीराबाईला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला.

"नवरा मरून राह्यला तुहा."

"तरी नाई देत."

निकेशनं तोंड उघडलं. जयानं त्याच्याकडे पाहून मान हलवली, अगदी जराशी. घरी सोनू होती, त्यांची पोर. ती आजीच्या ताटात जेवायची, आजीच्या गोधडीत झोपायची. खरं कळल्यावर ते ताट आणि ती गोधडी तिला राहिली असती का? मीराबाईनं एक वेळ पदराखाली घेतलंही असतं, पण मोहल्ल्यानं? म्हणून जया स्वतः वाईट झाली होती. आणि निकेश गेल्यावर तिला याच सासूच्या दारात दिवस काढायचे होते. तिला ते दिसत नव्हतं, असंही नाही.

निकेशनं बाहीनं डोळे पुसले.

"रडू नोको, बाबू," मीराबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. जयाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तू बरा हो फक्त. दुसरी करून देईन मी तुले. काळीज असलेली पाहून."

बसची वेळ होत आली होती. जया खाली बसली आणि निकेशची चप्पल त्याच्या पायाजवळ सरकवू लागली.

"हात नोको लावू माह्या पोराले."

मीराबाईनं चप्पल तिच्या हातातून ओढून घेतली. स्वतः मातीत फतकल मारून बसली, पोराचा पाय मांडीवर घेतला आणि पट्ट्यात सरकवायला लागली. पाय फुगून टम्म झाला होता. तिनं टाचेकडून रेटलं, बोटं दाबून पाहिली, पट्टा ताणून पाहिला.

जया दोन पावलं मागं सरून उभी होती.

"जाते पाय, बाबू, जाते," मीराबाई म्हणत राहिली. त्या पावलावर तिच्या बोटांचे खड्डे पडत होते आणि भरून येत नव्हते.